जमिनीत पुरलेल्या पाइपमधून वाया जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब कसा करावा

पाइपचे व्यास, इन्सुलेशनची जाडी आणि आतल्या पाण्याचे तापमान हाताशी आहे, असे धरून चालतो. हिशेब एक मीटर लांबीचा करावा. पाणी आणि जमीन यांच्या तापमानांतील फरकाला एकूण उष्णतारोधाने, म्हणजे इन्सुलेशन आणि माती उष्णतेला करतात त्या रोधांच्या बेरजेने, भागले की हानी वॅटमध्ये मिळते. येथे जमिनीचे पाइप पुरला आहे त्या खोलीवरचे, त्या ऋतूतले तापमान घ्यावे, हवेचे नव्हे.

इन्सुलेशनचा रोध काढण्यासाठी त्याच्या बाहेरच्या व्यासाला आतल्या व्यासाने भागून नैसर्गिक लॉगरिदम घ्यावा आणि त्याला 6.28 गुणिले इन्सुलेशनची वाहकता (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) याने भागावे. पाइपच्या पोलादी भिंतीचा रोध नगण्य असतो, तो सोडून द्यावा.

खरी अडचण मातीची आहे. सूत्र तसेच आहे, फक्त लॉगरिदम घ्यायचा तो खोलीच्या चौपटीला सर्वांत बाहेरच्या व्यासाने भागून, आणि भागायचे ते मातीच्या वाहकतेने. खोली पाइपच्या मध्यापर्यंत मोजावी; पाइप व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी खोल असेल, तर हे सोपे सूत्र वापरू नये. मी अनेक वर्षे तक्त्यातला मातीचा एकच आकडा उचलत असे आणि उत्तर प्रत्यक्ष मोजणीशी का जुळत नाही, हे मला कळत नसे. तीच माती कोरडी असताना वाहकता 0.5 आणि भिजल्यावर 2 वॅट प्रति मीटर-केल्विन असू शकते. शिवाय गरम पाइप भोवतालची माती हळूहळू सुकवतो. म्हणून हिशेब कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही मातींसाठी करावा. 'सरासरी घ्या' हा सल्ला मला मुळीच मान्य नाही.

114 मिलिमीटर व्यासाचा उघडा पाइप 1 मीटर खोल असून तापमानांतील फरक 60 अंश असेल, तर कोरड्या मातीत मीटरमागे सुमारे 53 वॅट जातात आणि ओल्या मातीत सुमारे 212. त्याच पाइपवर 0.03 वाहकतेचे, 200 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे इन्सुलेशन घातले, की हेच आकडे सुमारे 15 आणि 19 होतात, म्हणजे मातीचा प्रभाव जवळजवळ संपतो. मात्र पाणी शिरून इन्सुलेशनची वाहकता चौपट झाली, तर ओल्या मातीत हानी 60 वॅटच्या आसपास पोहोचते. त्यामुळे जुन्या वाहिनीसाठी कारखान्याने दिलेला कोरड्या इन्सुलेशनचा आकडा कधीही वापरू नये.

शेवटी उत्तराला लांबीने गुणावे. जाणारा आणि परतणारा पाइप शेजारी असतील, तर ते एकमेकांभोवतीची माती तापवतात. अशा वेळी दोन्ही स्वतंत्र धरून केलेली बेरीज प्रत्यक्षापेक्षा जास्त येते.