स्वभावासाठी नेमका शब्द कसा निवडावा

स्थळाची माहिती देताना, निरोपसमारंभात बोलताना किंवा प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना आपण ‘स्वभावाने चांगला’ म्हणून मोकळे होतो. त्यातून माणूस कळत नाही.

आधी वागणं आठवा, मग शब्द शोधा. लग्नघरी अनोळखी पाहुण्यांत तासाभरात मिसळून जाते ती मनमिळाऊ. मनातलं आडपडदा न ठेवता सांगते ती मनमोकळी. दोन्ही गुण एकाच ठिकाणी असतीलच असं नाही. जिवलग मित्रांपाशी सगळं बोलणारा माणूस गर्दीत गप्प असू शकतो. बोलण्या-वागण्यात आर्जव आणि गोडवा असेल तर लाघवी. तोच गोडवा कामापुरता वाटला, की लोक गोडबोल्या म्हणतात.

मग शब्दाचा कल तपासा. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. कमी बोलणाऱ्याला ‘मितभाषी’ म्हटलं तर आदर दिसतो, ‘अबोल’ म्हटलं तर नुसतं वर्णन होतं. ‘घुमा’ शब्दात नाराजी आहे आणि ‘आतल्या गाठीचा’ हा तर सरळ आरोप आहे: याच्या मनात काय चाललंय त्याचा पत्ता लागत नाही. ‘भिडस्त’ यांतल्या कशातच बसत नाही. त्याला बोलायचं असतं, नाही म्हणायचं असतं, पण संकोच आड येतो. अशा मुलाला ‘माणूसघाणा’ ठरवणं मला फार अन्यायाचं वाटतं, कारण माणूसघाण्याला माणसं नकोशी असतात. अशा वेळी ‘भिडस्त आहे, पण ओळख झाली की छान खुलतो’ असं लिहावं.

रागाचंही तसंच. तापट माणूस पटकन भडकतो. तिरसट माणूस साध्या प्रश्नालाही वाकडं उत्तर देतो. खरं ते आडवळण न घेता बोलणारा स्पष्टवक्ता, समोरच्याला काय वाटेल याची पर्वा न करणारा फटकळ.

रूप सांभाळा. तुसडा-तुसडी-तुसडे, बोलका-बोलकी-बोलके असं लिंगानुसार बदलतं. मनमिळाऊ, लाघवी, भिडस्त, सालस, तापट हे शब्द मात्र तसेच राहतात.

शंका आली तर कोश उघडा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932–1938) इंटरनेटवर शोधता येतात. कोश जुने आहेत, तेव्हा आज तो शब्द कौतुकाने वापरतात की टोमणा म्हणून, हे घरातल्या दोघा-तिघांना विचारून घ्या.