संशोधन केंद्रात रुजू होताय? सुरुवात गेटपासून करा

एम.एस्सी.चे निकाल लागले की नवी मुंबईत रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथल्या औषध आणि रसायन कंपन्यांच्या संशोधन केंद्रांत नवी मुलं-मुली रुजू होऊ लागतात. आमच्या केंद्राच्या इमर्जन्सी टीममध्ये असल्यामुळे सेफ्टी इंडक्शनला त्यांची माझी गाठ पडते. त्यांना आग, गळती, स्फोट यांबद्दल ऐकायचं असतं. मी त्यांना आधी गेटवर नेते.

कार्ड पंच करणं, रजिस्टरमध्ये वेळ लिहिणं, पाहुण्याचा पास काढणं ही कामं चोरीच्या भीतीने चालतात असा बहुतेकांचा समज असतो. चोरीचा भाग आहेच. पण सायरन वाजल्यावर इमारतीत कोण आहे हे सांगणारी तीच एक यादी असते. सगळे असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे बाहेर जमायच्या ठरलेल्या जागी, आले की गेटवरच्या नोंदीशी डोकी जुळवली जातात. आत असलेल्या माणसाची नोंदच नसेल, तर त्याला शोधायला कोणी जात नाही. बाहेर पडलेल्या माणसाची नोंद आत दिसत असेल, तर त्याच्यासाठी दुसऱ्या कुणाला धुरात शिरावं लागतं.

एका मॉक ड्रिलमध्ये आमच्याकडे हे घडलं. हजेरी एकाने कमी भरली. दोघे जण ब्रीदिंग सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायचं साधन) चढवून तिसऱ्या मजल्यावर गेले, एकेक खोली, बाथरूम, सॉल्व्हंटचं (द्रावकांचं) स्टोअर धुंडाळत राहिले. अशा सेटच्या सिलिंडरमध्ये साधारण अर्ध्या तासाची हवा असते, जिने चढताना ती आणखी भराभर संपते. हरवलेला मुलगा बाहेर टपरीवर चहा पीत होता. पुढच्या माणसाने दार धरलं, म्हणून तो पंच न करता त्याच्यामागे निघून गेला होता. खरी आग असती तर? तेव्हापासून मी ओळखीच्या माणसासाठीही दार धरत नाही. तुम्हीही धरू नका, कुणाला राग आला तरी चालेल.

मशीन दुरुस्त करायला आलेला इंजिनिअर, एसीवाला, सफाईच्या कंत्राटी मावशी यांना इमारतीची वाट माहीत नसते किंवा सायरनचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. ज्याने पास काढला, त्याने पाहुण्याला सोबत घेऊन बाहेर पडायचं. मावशींची नावं हजेरीच्या यादीत आहेत का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. नवख्याने विचारलं तर कुणाला वावगं वाटत नाही. लॅपटॉप, नमुने, लॅब नोटबुक गेटपासशिवाय बाहेर न्यायचं नाही आणि सापडलेला पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावायचा नाही, हे तुम्हाला कुणीही सांगेल.

आता वाऱ्याकडे वळू. आपला ठाणे-बेलापूर पट्टा पश्चिमेची खाडी आणि पूर्वेचा पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये आहे. दिवसा वारा बहुधा खाडीकडून डोंगराकडे वाहतो, रात्री तो उलटाही फिरतो. वायुगळतीत रोजच्या ओळखीच्या असेंब्ली पॉइंटकडे धावणं म्हणूनच धोक्याचं ठरू शकतं. छतावरचा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, आपल्या खिडकीतून कुठून दिसतो, ते बघून ठेवा. वाऱ्याला आडवं चालत वायूच्या ढगातून बाहेर पडायचं आणि मग वारा जिकडून येतोय तिकडे जायचं. दुसरा असेंब्ली पॉइंट कुठे आहे, हे बऱ्याच जुन्या लोकांनाही चटकन सांगता येत नाही. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वाऱ्याबरोबर आलेला वायू कुठला आणि पळायचं कुठे, हे वस्तीला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण आलं आणि धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं मालकावर बंधनकारक झालं. इंडक्शनची फाइल कंटाळवाणी वाटली तरी ती वाचाच.

आपल्या टेबलापासून आय-वॉशपर्यंतची (डोळे धुवायच्या नळापर्यंतची) वाट डोळे मिटून चालता आली पाहिजे, कारण ॲसिड उडाल्यावर डोळे उघडत नाहीत. धुवायचं ते किमान १५ मिनिटं. दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. ज्या रसायनाला हात लावणार, त्याच्या सेफ्टी डेटा शीटमधला (सुरक्षेच्या माहितीपत्रकातला) चौथा विभाग प्रथमोपचाराचा, पाचवा आगीचा आणि सहावा सांडलवंडीचा असतो. प्रयोग लावण्याआधी निदान हे तीन वाचा. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर सॉल्व्हंटच्या छोट्या आगीला उत्तम, पण सोडियमवर ते चालत नाही, तिथे कोरडी वाळू लागते. हायड्रोजनेशननंतर (हायड्रोजन जोडण्याच्या प्रक्रियेनंतर) गाळलेला पॅलेडियम-कार्बन हा उत्प्रेरक कोरडा पडला की हवेत आपसूक पेटू शकतो. तो ओलाच ठेवायचा आणि कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकायचा नाही.

द्रव नायट्रोजनबद्दल थोडं जास्त बोलते, कारण त्याची भीती कुणाला वाटत नाही. एक लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. बंद खोलीत नायट्रोजन साठला की ऑक्सिजन घसरतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. म्हणून त्याचं भांडं लिफ्टने न्यायचं असेल, तर लिफ्टमध्ये भांडं एकटं जातं. एक जण खालून पाठवतो, दुसरा वर उतरवून घेतो. आत कोसळलेला मित्र दिसला तरी धावत जाऊ नका, आधी अलार्म द्या. हे फार कठीण जातं, मला माहीत आहे. पण वाचवायला गेलेला माणूस असाच दगावतो.

रात्री एकट्याने प्रयोग करायचा नाही, बॉस घाईत असला तरी. रात्रभर चालणाऱ्या रिॲक्शनच्या फ्यूम हूडवर (वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटावर) चिठ्ठी हवी: नाव, मोबाइल, आत काय आहे, बंद कसं करायचं. रात्रीच्या गार्डला हीच चिठ्ठी वाचावी लागते, तेव्हा ती मराठीत किंवा हिंदीत लिहा. पावसाळ्यात वीज गेली की हूडचा पंखाही थांबतो. हीटिंग बंद करा, हूडची काच खाली ओढा आणि बाहेर पडा.

फोन आधी केंद्राच्या इमर्जन्सी नंबरवर, मग ठरलेल्या क्रमाने १०१ किंवा ११२ वर. कुठली इमारत, कितवा मजला, कुठलं रसायन, कोण अडकलंय, कुठल्या गेटने यायचं, एवढं सांगायचं आणि समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. एमआयडीसीतले प्लॉट नंबर बाहेरच्याला पटकन सापडत नाहीत. म्हणून एक जण मुख्य रस्त्याच्या वळणावर बंबाची वाट बघत उभा हवा.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय इथेच सीबीडी बेलापूरला आहे. तिथली प्रशिक्षणं चांगली असतात, कंपनीने नाव पाठवलं तर टाळू नका. ४ मार्च हा परिषदेचा स्थापना दिवस, १९६६ चा. राष्ट्रीय सुरक्षा दिवस म्हणून तो पाळतात आणि त्या आठवड्यात अनेक ठिकाणी मॉक ड्रिल होते. त्यात आपलं नाव पुकारेपर्यंत रांग सोडू नका. सायरन थांबला तरी ‘ऑल क्लिअर’ची घोषणा होईपर्यंत इमारतीत शिरू नका, आणि परत जाताना पुन्हा पंच करा.