टेलिहँडलर बोलावण्याआधी: वावरातल्या साइटसाठी तयारीची यादी

गोदामाचं किंवा जिनिंगच्या शेडचं काम मिळालं की पहिला फोन मशीनवाल्याला जातो आणि पहिला प्रश्न असतो, "किती टनाची आहे?" माझं कळकळीचं सांगणं आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. त्याआधी टेप, दोरी आणि वही घेऊन एक सकाळ आपल्याच साइटवर घालवा. बांधकामातला सगळ्यात अवघड ठिकाणी ठेवायचा माल कोणता, तो किती उंच जायचा आणि मशीनच्या चाकापासून किती लांब ठेवायचा, या तीन गोष्टी वहीत उतरल्या की मशीन जवळपास ठरलेलीच असते.

ज्यांनी ही मशीन अजून वापरली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार मोठी चाकं, लांब होत जाणारा बूम म्हणजे मशीनचा हात, आणि पुढे दोन काटे. हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, माल हुकाला लटकवून उचलते, त्यामुळे तो झुलतो. टेलिहँडलर तो खालून काट्यांवर घेते आणि भिंतीपलीकडे नेऊन ठेवते. विटा, सिमेंट, पत्र्यांचे गठ्ठे अशा पॅलेटवर बसणाऱ्या मालाला ती उत्तम. नुसत्या कैच्या, म्हणजे छताचे लोखंडी सांगाडे, उभ्या करायच्या असतील तर दोन दिवस हायड्राच लावा. गावातल्या एकमजली घराला तर साधी विंच पुरते, तिथे हा खर्च करू नका.

आता मोजमाप. समजा गोदामाची भिंत साडेसात मीटर आहे. काटे भिंतीच्या वर जाऊन पॅलेट अलगद टेकवायला निदान अर्धा मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे उंची आठ मीटर धरा. भिंतीला लागून पायाचा चर नुकताच बुजवलेला असतो, तिथली माती भुसभुशीत, त्यामुळे मशीन अडीच मीटर मागे उभी राहणार. चर अजून उघडाच असेल तर तो जेवढा खोल तेवढं अंतर तरी कडेपासून सोडायचंच. माल आत दीड मीटरवर ठेवायचा. झाले चार मीटर. पहाड (परांची) बांधलेला असेल तर आणखी मीटरभर वाढवा. म्हणजे तुमचा बिंदू आहे आठ मीटर उंच आणि पाच मीटर लांब. सात मीटरची मशीन इथेच बाद झाली, मग ती तीन टन उचलो की पाच टन.

वजनाचा अंदाज डोळ्याने करू नका. सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे ४० गोण्यांचं पॅलेट दोन टन. सळईसाठी मिस्त्री लोकांचा हिशेब पक्का आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागा, मीटरमागे किलो निघतात. १२ मिमीची १२ मीटरची सळई १०.६ किलोच्या आसपास, १६ मिमीची १९ किलो. अर्धा मिमी जाडीच्या १२२० मिमी रुंद पट्टीतून केलेला १२ मीटरचा पत्रा साधारण ५७ किलोचा, म्हणजे २० पत्र्यांचा गठ्ठा ११५० किलो. ओलं काँक्रीट घनमीटरला २४०० ते २५०० किलो, त्यामुळे अर्ध्या घनमीटरची बादली भरली की सव्वा टन, आणि बादलीचं स्वतःचं वजन वेगळं. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेमुळे आपल्याकडे फ्लाय अॅशच्या विटा सगळीकडे मिळतात, पण प्रत्येक कारखान्याचं माप आणि वजन थोडं वेगळं असतं. दहा विटा वजनकाट्यावर ठेवून सरासरी काढा. पाऊस लागलेली वीट कोरडीपेक्षा बरीच जड भरते, तेही लक्षात ठेवा.

हे आकडे हातात घेऊन मशीनच्या भारतक्त्याकडे जायचं, म्हणजे किती उंचीवर आणि किती लांबीवर किती वजन चालेल ते सांगणाऱ्या कंपनीच्या तक्त्याकडे. इथेच बहुतेक फसगत होते. जेसीबी कंपनीच्या ५३०-७० या टेलिहँडलरच्या नावात ३० म्हणजे तीन टन आणि ७० म्हणजे सात मीटर, पण हे तीन टन बूम आखडलेला असतानाचे. ५४०-१७० घ्या. जवळ चार टन उचलते, पूर्ण उंचीवर अडीच टन आणि बूम पूर्ण पुढे काढला की फक्त ६०० किलो. चार टनाची म्हणून भाड्याने आणलेली मशीन त्या टोकाला १२ गोण्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. कारण तराजूचं आहे. पुढची चाकं हा तराजूचा मधला टेकू, मशीनचं वजन एका पारड्यात आणि माल दुसऱ्या. माल जेवढा लांब जाईल तेवढा तो जड होत जातो, मागची चाकं हलकी होतात आणि एका क्षणी उचलली जातात. म्हणून मशीनवाल्याकडून मॉडेलचं नाव आणि त्याच मॉडेलचा तक्ता मोबाइलवर मागवून घ्या. तुमचा बिंदू तक्त्यावर पेन्सिलने मांडा. अंतर चाकाच्या पुढच्या कडेपासून मोजलंय की आउटरिगरपासून (मशीन टेकवायच्या बाहेर येणाऱ्या पायांपासून), ते बघा. मालाचा मध्य काट्याच्या मुळापासून किती धरलाय तेही बघा, बहुधा ५०० किंवा ६०० मिमी असतो. तुमचं पॅलेट रुंद असेल तर मध्य पुढे सरकतो आणि तक्ता तेवढा लागू होत नाही. मी स्वतः तक्त्यातल्या आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या वर काम धरत नाही. हा काही नियम नाही, माझी सवय आहे, आणि तिचं कारण पुढे सांगतो.

तक्ता सपाट आणि टणक जमिनीसाठी, टायरमध्ये बरोबर हवा असताना काढलेला असतो. आपली जमीन तशी नाही. आपली काळी कन्हार माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की फुगून लोण्यासारखी होते. सात-आठ टनांची मशीन, वर दोन टन माल, आणि बूम पुढे काढला की जवळजवळ सगळं ओझं पुढच्या दोन चाकांवर. एक चाक वीतभर खचलं तर वर आठ मीटरवर बूमचं टोक जवळजवळ दोन हात बाजूला झुकतं. माझा स्वतःचा प्रसंग सांगतो. वर्धा जिल्ह्यातल्या एका कामावर मार्च महिना होता, जमीन दगडासारखी कडक. विटांचं पॅलेट घेऊन मशीन भिंतीकडे गेली, बूम अर्ध्यावर होता आणि डावं पुढचं चाक एकदम खाली बसलं. ऑपरेटर जुना होता, त्याने घाबरून वळवावळव केली नाही, आधी बूम आत घेतला आणि मग सावकाश खाली आणला. कुणाला लागलं नाही, पण त्या दुपारी माझे पाय कापत होते. संध्याकाळी जमीनमालकाचे म्हातारे वडील आले आणि म्हणाले, "अरे, इथं आपली जुनी विहीर होती ना! बुजवली तिला वीस वर्षं झाली."

तेव्हापासून माझ्या यादीत वावरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोलणं हे पहिल्या पानावर आहे. बुजवलेली विहीर, जुना उकिरड्याचा खड्डा, शौचालयाची टाकी, ओलिताची पुरलेली पाइपलाइन, जुना धुरा (बांध) कुठून जात होता, सगळं विचारा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद दिसते का तेही बघा. मग जिथे मशीन उभी राहणार आणि जिथून ती माल आणणार त्या पट्ट्यात पहारीने दर दोन पावलांवर ठोकून बघा. पहार सहज आत गेली तिथे चुन्याने खूण करा. त्या पट्ट्यावरची वरची काळी माती फूटभर काढून खाली बोल्डर, वर मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवा. मुरूम टाकून नुसतं पसरवलं तर पहिल्याच पावसात तो मातीत गिळला जातो. पाणी बाजूला काढायला नाली हवीच. हा खर्च निविदेत धरा, नाहीतर साइटवर तो कुणालाच नको असतो आणि मग होतच नाही.

रस्त्याचं थोडक्यात सांगतो. आमच्याकडे मशीन नागपूरहून लोबेडवर, म्हणजे बुटक्या लांब ट्रेलरवर, येते. लोबेड पांदण रस्त्याला वळत नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर उतरवून पुढे चालवत न्यायची असते. मधल्या रपट्यावर किंवा नाल्याच्या पाइपांवर एवढं वजन जाईल का, पांदणीत बाभळीच्या फांद्या किती खाली आहेत, शेजाऱ्याच्या तुरीवरून चाक जाणार का, हे आधी चालत जाऊन बघा आणि शेजाऱ्याला घरी जाऊन विचारा.

विजेच्या तारा मात्र घाईत सोडायचा विषय नाही. वावरातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारेची कमीत कमी उंची नियमात ४.६ मीटर धरलेली आहे, आणि दोन खांबांमधला झोल उन्हाळ्यात वाढतो. बूम यापेक्षा कितीतरी वर जातो. तारेला टेकायचीही गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी मारते. लांब सळई किंवा पत्रा काट्यावर आडवा असेल तर त्याचं टोक ऑपरेटरला दिसतच नाही. साइटवरच्या आणि वाटेवरच्या प्रत्येक तारेची जागा कागदावर काढा. महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन लाइन सरकवता येते का, किंवा कामाच्या दिवशी लाइन बंद मिळते का, ते महिनाभर आधी विचारा. दोन्ही होत नसेल तर तारेच्या दोन्ही अंगांनी लांबवर बांबू रोवून लाल-पांढरी पट्टी बांधा आणि बूम खाली असल्याशिवाय तिच्या आत मशीन जाणार नाही असं ऑपरेटरसमोर ठरवा. थ्री-फेज रात्री असते म्हणून दिवसा तार बंद आहे, असं कधीही समजू नका.

जोडणीत काटे तर येतातच. कैच्यांसाठी हुकाचा जिब (काट्यांऐवजी लावायचा हुकाचा दांडा), गिट्टीसाठी बकेट लागेल का ते आधी सांगा, आणि प्रत्येक जोडणीचा तक्ता वेगळा असतो तो मागा. माणसांना पॅलेटवर उभं करून वर पाठवायचं नाही. पत्र्याचे बोल्ट आवळायला दोनच मिनिटं लागतात असं म्हणून ते केलं जातं आणि त्यातच माणसं गेली आहेत. वर माणूस न्यायचा असेल तर कंपनीने त्या मशीनसाठी मान्य केलेली माणसांची बास्केटच हवी, नाहीतर पहाड बांधा.

आपला उन्हाळाही मशीन निवडताना मोजा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो. बंद केबिनला एसी नसेल तर दुपारी ऑपरेटरचं लक्ष राहत नाही, हे मी पाहिलं आहे. सकाळी सहा ते अकरा आणि चारनंतर अशी पाळी लावा, भाडंही त्याप्रमाणे बोला. चालू जिनिंगच्या आवारात काम असेल तर रुईचं तूस रेडिएटरला चिकटून इंजिन तापतं, दिवसातून दोनदा हवेने झाडावं लागतं. मान्सूनच्या आधीचं वावधन (वादळी वारा) सुटलं की पत्रे उचलणं लगेच थांबवा, बारा मीटरचा पत्रा शिडासारखा वारा धरतो. हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर तालुक्याला पाइप दाबून देणारं दुकान कोणतं, मेकॅनिक किती तासांत येतो, हे करारात लिहून घ्या. बंद पडलेल्या दिवसाचं भाडं कोण भरणार तेही लिहा.

कागदपत्रांत आरटीओ नोंदणी, विमा आणि सक्षम व्यक्तीने केलेल्या उचल-तपासणीचं प्रमाणपत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नवी मशीन घेत असाल तर १ जानेवारी २०२५ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना स्टेज ५ चं प्रदूषण मानक लागू आहे. तिच्या धूर गाळणाऱ्या जाळीची देखभाल गावात कोण करणार, हे विकणाऱ्याला विचारूनच सौदा करा. ऑपरेटर या मशीनचाच हवा. खोदकामाची जेसीबी छान चालवणारा पोरगा भारतक्ता वाचायला शिकलेला असेलच असं नाही. तक्ता त्याच्यासमोर ठेवा आणि तुमचा बिंदू दाखवून विचारा, "इथं किती उचलशील?" तो कागदाकडे न बघता आकडा सांगत असेल तर दुसरा माणूस मागा. पोळ्याला किंवा छठला तो घरी जाणार असेल तर बदली कोण, हेही तेव्हाच ठरवा.

मशीन येण्याच्या आदल्या संध्याकाळी पट्ट्यावरून एकदा चालून या. इशारा देणारा एकच माणूस नेमा आणि त्याला वेगळ्या रंगाचं जॅकेट द्या. पॅलेटच्या फळ्या तुटलेल्या नाहीत हे बघा, लांब मालाला बांधायची दोरी काढून ठेवा, मजुरांना बूमखाली यायचं नाही हे सांगा. सकाळी सगळ्यात जड पॅलेट आधी जमिनीपासून फूटभर उचलून पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकाम्या जागेत फिरवायला लावा आणि चाकांच्या खुणा बघा. खूण चार बोटांपेक्षा खोल असेल तर त्या दिवशी वर काही चढवू नका, आधी आणखी मुरूम मागवा.