पदव्युत्तर प्रवेशाचे शुल्क: पैशांची जुळवाजुळव पसंतीक्रम भरण्याआधी

महाराष्ट्रात एमबीए, एमसीए, एमई किंवा एमफार्मला जाऊ इच्छिणाऱ्यांनी शुल्काचा हिशेब पसंतीक्रम भरण्याआधीच मांडावा, कारण सरकारी सवलत मिळणार की नाही हे बहुतांशी प्रवेशाच्या मार्गावरून ठरते. राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजेच कॅप फेरीतून जागा मिळाली, तर राज्याच्या शुल्कसवलतींसाठी अर्ज करता येतो. त्याच महाविद्यालयातील तोच अभ्यासक्रम व्यवस्थापन कोट्यातून घेतला, तर तो हक्क राहत नाही. अभिमत विद्यापीठे आणि खासगी स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून आणि मुलींच्या शुल्कमाफीतून वगळलेली आहेत. त्यामुळे नावाजलेले विद्यापीठ आणि कॅपमधून मिळणारे साधे महाविद्यालय यांची तुलना करताना दोन्हीकडचे पूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क, सवलत वजा करून, शेजारी शेजारी लिहून काढावे.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते महाविद्यालयनिहाय संकेतस्थळावर पाहता येते. महाविद्यालयाने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. या रकमेत शिक्षण शुल्काबरोबर विकास शुल्कही असते, आणि वर उल्लेखिलेल्या दोन्ही योजना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कापुरत्याच आहेत. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह आणि खाणावळ यांची तजवीज घरूनच करावी लागते. ‘शंभर टक्के माफी’ ऐकून निश्चिंत झालेल्या कुटुंबांची ओढाताण नेमकी इथेच होते. पावतीशिवाय कोणी रक्कम मागितली तर देऊ नये. प्रवेशासाठी देणगी घेण्यास १९८७ पासून कायद्यानेच बंदी आहे.

योजनांपैकी कोणती आपली, हे प्रवर्ग आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न यांवर ठरते. उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना, याच उत्पन्नमर्यादेत, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि त्याहून अधिक असल्यास फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राहण्या-जेवणाच्या खर्चासाठीच्या स्वाधार योजनेचा अर्ज अवश्य करावा.

या सर्व शुल्कयोजनांचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात, आणि अडतात ते बहुधा कागदांवर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता सेतू केंद्रातून काढून ठेवावा. अधिवास प्रमाणपत्र, कॅपचे जागावाटप पत्र, शिधापत्रिका, आणि मध्ये वर्ष गेले असल्यास गॅपचे प्रतिज्ञापत्र हाताशी असावे. सर्वांत दुर्लक्षित बाब बँक खात्याची आहे. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे वेगळे आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते खाते एनपीसीआयच्या (राष्ट्रीय देयक महामंडळाच्या) यादीत आधारशी जोडलेले असणे वेगळे. शाळेत असताना उघडलेले आणि आता बंद पडलेले खाते त्या यादीत राहिले असेल, तर अर्ज मंजूर होऊनही पैसे हाती येत नाहीत. म्हणून कोणते खाते जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर आधीच तपासावे.

पात्र विद्यार्थिनीकडूनही आधी पूर्ण शुल्क मागणारी महाविद्यालये आहेत, आणि हा प्रकार मला अत्यंत अन्यायकारक वाटतो, कारण ज्या घरात एवढी रक्कम नाही तिथल्या मुलीचा प्रवेश त्यामुळे हातचा जातो. अशी मागणी झाल्यास ती लेखी मागावी आणि तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालयात तक्रार करावी.

उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज घ्यावे लागले, तर व्याज कधीपासून चालू होते हे नीट समजून घ्यावे. समजा, दोन वर्षांसाठी ६ लाखांचे कर्ज आहे, बँकेने दरवर्षी ३ लाख महाविद्यालयाला दिले आणि दर १० टक्के आहे. सरळव्याजाने पहिल्या वर्षी ३० हजार, दुसऱ्या वर्षी ६० हजार आणि शिक्षणानंतर हप्ते न भरण्याच्या एका वर्षाच्या मुभेत आणखी ६० हजार, असे पहिल्या हप्त्याआधीच दीड लाख रुपये साठतात. शिकत असताना दरमहा व्याज भरत गेल्यास हा बोजा टळतो, आणि अनेक बँका त्याबद्दल दरात सवलतही देतात. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते; उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मुभेच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे, मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना ती मिळत नाही. परतफेडीच्या व्याजावर आयकरात (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०ई) आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच.

गेट (अभियांत्रिकी) किंवा जीपॅट (औषधनिर्माण) ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन एमटेक, एमई वा एमफार्मला गेलेल्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून (एआयसीटीई) दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी ‘कमवा व शिका’ योजनेतून खाणावळीचा काही भार उचलता येतो.

दुसऱ्या वर्षी महाडीबीटीवरील अर्जाचे नूतनीकरण स्वतः करावे लागते. पहिल्या वर्षाचा निकाल लागताच गुणपत्रक आणि नवा उत्पन्नाचा दाखला घेऊन महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती लिपिकाला भेटावे आणि अर्ज पुढे पाठवला गेला की नाही, हे पोर्टलवर पाहत राहावे.