विभक्त मतदारसंघ म्हणजे राखीव जागा नव्हेत: या चुका टाळा

स्वातंत्र्यपूर्व काळातील मुस्लिम प्रतिनिधित्वावर लिहिताना विभक्त मतदारसंघ आणि राखीव जागा हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी (ब्रिटिश सरकारच्या कायदेमंडळविषयक सुधारणांनी) मुस्लिमांना विभक्त मतदारसंघ दिले, म्हणजे त्या जागांवर उमेदवार मुस्लिम आणि त्याला निवडणारे मतदारही मुस्लिमच. याउलट १९२८ च्या नेहरू अहवालाने (मोतीलाल नेहरूंच्या समितीने केलेल्या राज्यघटनेच्या मसुद्याने) सुचवलेल्या राखीव जागांवर उमेदवार मुस्लिम असला, तरी मतदार सर्वधर्मीय असणार होते. हा फरक सुटला की पुणे कराराचाही घोटाळा होतो. सप्टेंबर १९३२ मधील त्या कराराने दलितांचे विभक्त मतदारसंघ गेले; मुस्लिमांचे मात्र जातीय निवाड्याप्रमाणे, म्हणजे ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी जाहीर केलेल्या जागावाटपाप्रमाणे, कायम राहिले.

१९१६ च्या काँग्रेस-मुस्लिम लीग लखनौ करारात टिळकांनी मुस्लिमांना झुकते माप दिले, एवढे लिहून थांबणे ही दुसरी चूक. माप प्रांतागणिक वेगळे होते. संयुक्त प्रांतात (साधारण आजच्या उत्तर प्रदेशात) मुस्लिम लोकसंख्या सुमारे १४ टक्के असताना त्यांना ३० टक्के जागा मिळाल्या. पण बंगालमध्ये लोकसंख्येत निम्म्याहून अधिक असूनही ४० टक्के आणि पंजाबात बहुसंख्य असूनही ५० टक्क्यांवरच त्यांची बोळवण झाली. बहुसंख्य असलेल्या प्रांतांतील ही सल पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत डोके वर काढते, आणि १९३२ च्या निवाड्यातही बंगालमध्ये २५० पैकी ११९ जागाच त्यांच्या वाट्याला आल्या.

मुस्लिम नेत्यांची मागणी पहिल्यापासून एकच होती, असे मानणेही चूक आहे. मार्च १९२७ मध्ये दिल्लीत जिना आणि त्यांचे सहकारी विभक्त मतदारसंघ सोडायला तयार झाले होते. सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा करावा, वायव्य सरहद्द प्रांत व बलुचिस्तानला सुधारणा लागू कराव्यात, पंजाब-बंगालमध्ये लोकसंख्येनुसार जागा द्याव्यात आणि केंद्रात एक तृतीयांश वाटा मिळावा, या त्यांच्या अटी होत्या. नेहरू अहवालाने केंद्रात एक चतुर्थांशच वाटा देऊ केला. डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत या अहवालावरच्या जिनांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या, आणि त्यांना विरोध करणाऱ्यांत आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आघाडीवर होते, हे मराठी लेखनात क्वचितच येते.

मुस्लिम लीग म्हणजेच सर्व मुस्लिम, हे समीकरण तर १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांना लावूच नये. तेव्हा लीगला मुस्लिम जागांपैकी एक चतुर्थांशही जिंकता आल्या नाहीत. १९४६ च्या निवडणुकांत चित्र लीगच्या बाजूने पालटले, तरी मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षणाच्या अटींनी बांधलेला होता, आणि मुस्लिमबहुल सरहद्द प्रांतात त्याही वेळी काँग्रेसचेच मंत्रिमंडळ आले.