कूलिंगचं काम झालं आणि हीटर गार पडला: डॅशबोर्ड उघडण्याआधी

गाडीचा रेडिएटर, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट (कूलंट गरम झाल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह) बदलल्यावर हीटर कोमट हवा फेकायला लागला, तर नवशिका मेकॅनिक डॅशबोर्डकडे वळतो. तिथे हात घालू नका. कामाआधी हीटर ठीक होता ना? मग दोष बहुतेक वेळा नुकत्याच केलेल्या कामातच असतो. आपल्याकडे हीटर वर्षातले दोन महिने लागतो म्हणून ही तक्रार कुणी मनावर घेत नाही. पण कोमट हीटर म्हणजे बहुतेक वेळा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी आहे किंवा नीट फिरत नाही, आणि त्याच कारणाने पुढे घाटात इंजिन तापू शकतं.

इंजिन गरम झालं, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आला, की फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून) आत हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप तपासा. तापमानाची गन असेल तर रबरावर धरा, चकचकीत धातूवर ती चुकीचा आकडा दाखवते. दोन्ही पाइप कडक गरम आणि हवा मात्र गार, तर कूलंट ठीक फिरतंय. डॅशबोर्डच्या आतली, गरम-गार हवा वळवणारी झडप किंवा तिची केबल बघा. एक गरम आणि दुसरा गार, तर हीटरच्या कॉइलमध्ये (गरम कूलंट फिरून हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) हवा अडकली आहे, कॉइल चोक आहे किंवा हीटरचा वॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही कोमट असतील तर कूलंटची पातळी आणि थर्मोस्टॅट तपासा.

सगळ्यात जास्त वेळा सापडते ती हवाच. बऱ्याच गाड्यांत हीटर कॉइल उंचावर असते, म्हणून हवा तिथे जाऊन बसते. काम करताना निघालेलं कूलंट मोजून ठेवा. चार लिटर निघालं आणि तीनच परत गेलं, तर उरलेल्या एका लिटरच्या जागी हवा आहे. ती काढायची तर गाडी थंड हवी, पुढची चाकं थोडी उंचावर हवीत, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर आणि ब्लोअर सगळ्यात हळू. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर उघडा आणि बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत हळूहळू भरा. मग स्क्रू बंद करून, रेडिएटरच्या तोंडाला फनेल लावून इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू, ठेवा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, म्हणजे थर्मोस्टॅट नक्की उघडतो. घाई केली की हवा राहते. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नका. दाबाखाली 100 अंशांच्या वर गेलेलं पाणी दाब सुटताच उसळून अंगावर येतं.

बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यातलं सील) फाटल्याची शंका घ्या, विशेषतः गाडी आधी तापली असेल तर. आयडलला गार आणि रेस दिल्यावर गरम होणारा हीटर कमी कूलंट किंवा दमलेला वॉटर पंप दाखवतो.

थर्मोस्टॅटबद्दल थोडं कडक बोलायला हवं. ‘गाडी तापते’ म्हणून तो काढून टाकायची सवय अनेक गॅरेजमध्ये आहे. ही चूक आहे. त्याशिवाय हायवेला इंजिन गारच राहतं, हीटर मरतो, डिझेल-पेट्रोल जास्त जातं. नवा बसवताना स्प्रिंगची बाजू साधारणपणे इंजिनाकडे आणि बारीक छिद्र असेल तर ते वर, कारण हवा तिथूनच सुटते. जुना तपासायचा तर भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह गरम करा. थर्मोस्टॅटवर 82 किंवा 88 (अंश सेल्सियस) असा जो आकडा कोरलेला असेल, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

चोक झालेली कॉइल बहुतेक बोअरच्या पाण्याची किंवा गळती थांबवणाऱ्या पावडरीची देणगी असते. दोन्ही पाइप काढून बागेच्या नळीने उलट्या दिशेने, म्हणजे बाहेर जाणाऱ्या बाजूकडून, हळू दाबाने पाणी सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत दिशा बदलत राहा. कंप्रेसरची थेट हवा मारू नका, कॉइल फुटते. मग डाव्या सीटखालचा गालिचा ओला होतो आणि काचेवर चिकट वाफ बसते. शेवटी भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मंनिम्मं घ्या, तयार मिश्रण असेल तर पाणी घालू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, पातळी पुन्हा बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला चावी देऊ नका.