ॲबस्ट्रॅक्ट चित्र करायचंय? मग आधी काय गाळायचं ते ठरवा

आपल्या बेळगावात चित्रकला म्हटलं की के. बी. कुलकर्णींचं नाव पहिलं येतं, पोर्ट्रेट, लँडस्केप, स्वच्छ वॉटरकलर, रवी परांजपेंसारखा चित्रकार त्यांच्याकडंच शिकला, त्यामुळं इथल्या डोळ्याला चित्रात ओळखीचं काहीतरी लागतंच. ॲबस्ट्रॅक्टमध्ये हे ओळखीचंच गाळत जायचं असतं, खरं हा तोटा नाही. काय गाळायचं ते कळायला आधी ते काढता यायला पाहिजे की ओ! त्यामुळं ड्रॉइंग येत असेल तर ते सोडू नका आणि 'हे काय काढलाईस?' असं घरात कुणी विचारलं तर समजवायच्या नादाला लागू नका, चहा प्या.

सुरुवातीला एकच गोष्ट घ्या. अख्खा राजहंसगड नको, पावसाळ्यानंतर त्याच्या भिंतीवर शेवाळाचा जो डाग राहतो तेवढाच. नाहीतर वडगाव-शहापूरकडं कुणाच्या मागावर ताणा लावलेला असतो, ते ताणलेले धागे आणि त्यातून आडवा जाणारा रंग. ते जसं दिसतं तसं काढा, मग त्याच्यावरून दुसरं, त्यावरून तिसरं, आणि दरवेळी काहीतरी कमी करा. डच चित्रकार पीट माँड्रियाननं 1908 ते 1912 च्या दरम्यान झाडं घेऊन हेच केलं, शेवटीशेवटी फांद्यांच्या रेषांची जाळीच उरली. कॅन्व्हासवर नुसता रंग फेकून फोटो टाकणारे पुष्कळ आहेत, त्यांचं त्यांना.

रंग तीन पुरेत: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा), पांढरा. पहिले दोन मिसळले की झकास गडद करडा मिळतो, काळी ट्यूब विकत घ्यायलाच नको.

चौथा रंग खानापूरकडच्या जांभ्या मातीचा करा, फुकट आहे. माती बादलीत भिजवा, जोरात ढवळा, क्षणभर थांबा म्हणजे वाळू-खडे खाली बसतात, मग वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. ते रात्रभर ठेवलं की बारीक साका बसतो, वरचं पाणी हळू काढून टाका, साका उन्हात वाळवा, खलात घोटा, मलमलीतून चाळा आणि ॲक्रिलिक मीडियममध्ये, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या बिनरंगाच्या ॲक्रिलिकमध्ये, कालवा. सुतारकामाचा पांढरा गम घालू नका, ओल लागली की तो मऊ पडतो आणि आपल्याकडं ओलीला काय तोटा! या मातीचा लाल म्हणजे लोहाचा ऑक्साइड, त्यामुळं उन्हानं उडत नाही. बैलहोंगलकडची काळी माती मात्र वाळताना आकसते आणि तडकते. तडेच हवे असतील तर घ्या, मजा येते.

ब्रश शेवटी हातात घ्या. हार्डवेअरच्या दुकानात पुट्टी लावायची पट्टी आणि छोटा रोलर मिळतो, त्यानं थर द्या, ओला असतानाच वर पेपर दाबून उचला, खालचा थर मधूनमधून डोकावतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर, नाइफ वापरायचे, कागदानं रंग उचलायचे. त्यांना ॲबस्ट्रॅक्ट म्हटलेलं आवडायचं नाही, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठलीच वस्तू न दाखवणारं, असं म्हणायचे. वर्षाला मोजकीच चित्रं करायचे, बाकी वेळ विचार. पद्मश्री 1971 ला मिळाली, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन लागलं ते 2014 ला, गायतोंडे 2001 लाच गेले होते. नोकरी सांभाळून रंगवणाऱ्यानं हा हिशोब ध्यानात ठेवावा, पगार चालू आहे तोवर चित्रावर घर चालवायचं ओझं टाकू नका, विकायची घाई झाली की मागच्या वेळी खपलेलंच चित्र परत परत काढलं जातं.

पावसाळ्यात ऑइल रंगाच्या नादाला लागू नका, वाळता वाळत नाही आणि बंद खोलीत कॅन्व्हासला बुरशी धरते. ॲक्रिलिकवर ऑइल चालतं, ऑइलवर ॲक्रिलिक नाही, सुटून येतं.

थांबायचं कधी, हे अवघड. चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवा, आठवड्यानं काढा, उलटं करून बघा, मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. फोटोत सगळं एकाच करड्यात गेलं तर रंगांच्या भरात उजेड-अंधार राहून गेलाय, परत बसा. आणि जो कोपरा तुम्हाला लई आवडलाय, ज्याला हात लावायची भीती वाटते, बहुतेक वेळा त्यापायीच बाकीचं चित्र अडलेलं असतं, त्यावर पट्टी फिरवा.

सही मागच्या बाजूला करा, पुढं केली की चित्र उलटं टांगायची सोय जाते. तिथंच साल लिहा, आणि माती कुठल्या शिवारातली तेही, नाहीतर पुढच्या वेळी तोच लाल शोधत सगळा खानापूर तालुका फिरावा लागेल.